लिंकिन पार्क, नव्या संचात

पहाटे साडेतीनचा गजर वाजला तेव्हा बायकोने डोळे न उघडताच विचारलं, "कोण गेलं?" आमच्या वयात अवेळी फोन वाजला की पहिला प्रश्न हाच. कोणी गेलं नव्हतं, उलट कोणीतरी येणार होतं. भारतात ६ सप्टेंबर २०२४ उजाडायचा होता, अमेरिकेत अजून ५ तारीख होती, आणि लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड, गायक चेस्टर बेनिंग्टन गेल्यापासून सात वर्षांनी, पुन्हा एकत्र उभा राहणार होता. थेट प्रक्षेपण होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन हेडफोन लावले.

बँडचा रॅपर माइक शिनोडा गायला लागला. नवं गाणं, 'द एम्प्टीनेस मशीन'. पहिलं कडवं त्याचं, ध्रुवपदही त्याचंच. क्षणभर वाटलं, बरोबर आहे, उरलेल्यांनी उरलेलं सांभाळलं. मग दुसऱ्या कडव्याला एक बाईचा आवाज आला. खरखरीत, वर जाताना फाटणारा, पण फाटल्यावरही सुरात राहणारा. एमिली आर्मस्ट्राँग, डेड सारा या बँडची गायिका. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लगेच दोन मेसेज आले. पहिला: "अंगावर काटा." दुसरा मेसेज नव्हताच, तो मित्र ग्रुप सोडून गेल्याची सूचना होती. (दोन दिवसांनी त्याला परत घेतला. असल्या भांडणांना आमच्याकडे तेवढीच मुदत असते.)

या बँडच्या चाहत्यांची भांडणं मी जवळपास पंचवीस वर्षं बघतोय, आणि निम्म्या भांडणांत स्वतः पडलोय. सगळी भांडणं वरकरणी एकाच प्रश्नावरची: बँडने आपला मूळ बाज सोडला का? हे प्रकरण मला पुन्हा उकरावंसं वाटतं, कारण २०२४ मध्ये या प्रश्नाची जणू परीक्षाच झाली. बाज परत आला, गळा मात्र दुसरा होता. सतरा वर्षं 'जुनं द्या, जुनं द्या' म्हणणाऱ्यांना मग आपल्याला नेमकं काय हवं होतं ते सांगावं लागलं.

सुरुवातीपासून सांगतो, पण भरभर. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अगूरा हिल्स भागातल्या पोरांनी झीरो नावाचा बँड काढला. इंग्रजी स्पेलिंग 'एक्स'ने सुरू होणारं. शिनोडा रॅप करायचा, गायक होता मार्क वेकफिल्ड. कोणी करार देईना, वेकफिल्ड बाहेर पडला. १९९९ च्या मार्चमध्ये त्यांच्या गाण्यांची टेप ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात चेस्टर बेनिंग्टनकडे पोचली. त्याचा आधीचा बँड ग्रे डेझ बंद पडला होता. आपल्या तेविसाव्या वाढदिवसाची पार्टी टाकून तो स्टुडिओत गेला, त्या टेपवर स्वतःचा आवाज चढवला आणि फोनवरूनच समोरच्याला ऐकवला. हे ठळक लक्षात ठेवायचं, कारण पुढे याचा विसर पडतो: चेस्टर हा मुळात बदली गायक होता. बँड आधीपासून होता, गाणी होती, तो नंतर आला.

मग नाव 'हायब्रिड थिअरी' झालं. पण त्या नावाशी मिळताजुळता हायब्रिड हा दुसरा गट होता, म्हणून तेही सोडावं लागलं. सांता मोनिकातल्या लिंकन पार्क या बागेवरून नवं नाव घेतलं आणि इंटरनेटवर पत्ता सहज मिळावा म्हणून स्पेलिंग वाकडं केलं. टाकलेलं नाव पहिल्या अल्बमला दिलं. २४ ऑक्टोबर २००० ला 'हायब्रिड थिअरी' आला.

त्या अल्बमपाशी जरा थांबू, कारण पुढच्या सगळ्या कटकटीचं बी इथेच आहे. बारा गाणी, आणि सगळी मिळून ३८ मिनिटांच्या आत. एकही गाणं चार मिनिटांपर्यंत जात नाही. साचा ठरलेला: छोटा इलेक्ट्रॉनिक तुकडा, शिनोडाचं रॅपचं कडवं, गिटारची भिंत कोसळावी तसं ध्रुवपद आणि त्यावर चेस्टर, मग पाठीमागे हळू होत जाणारा मधला भाग, तिथून किंचाळी, परत ध्रुवपद. गिटारचा सोलो नाही. आणि शिवी एकसुद्धा नाही. त्या काळात कॉर्न किंवा लिंप बिझकिट या बँडच्या कॅसेटी घरात लावता यायच्या नाहीत. हा अल्बम आई भाजी निवडत असताना लावला तरी चालायचा. तिला शब्द कळायचे नाहीत, पण "हा मुलगा एवढा का रडतोय" हे तिने एकदा विचारलं होतं. मला वाटतं तिच्याइतकं नेमकं समीक्षण तेव्हा कुठल्या मासिकानेही केलं नव्हतं.

अमेरिकेत २००१ मध्ये सगळ्यांत जास्त खपलेला अल्बम हाच. 'क्रॉलिंग'ला ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे तो हॉस्टेलच्या लॅनवरून, म्हणजे खोल्याखोल्यांतले संगणक जोडणाऱ्या जाळ्यावरून पसरला. सामायिक फोल्डरमध्ये एमपीथ्री असायच्या, निम्म्यांची नावं चुकलेली. एका गाण्यावर 'लिंकन पार्क अनप्लग्ड' असं लिहिलेलं होतं, ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. २००३ मध्ये 'मेटिओरा' आला आणि 'नंब' ऐकलं नाही असा मुलगा त्या मजल्यावर उरला नाही.

पण फूट तेव्हाही होतीच. मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉकचा महोत्सव ऐकून आलेले सीनियर आम्हाला हसायचे. "हे काय मेटल आहे? बॉय बँड आहे ती." अमेरिकेतही तोच आरोप होता: कंपनीने जुळवून आणलेली पोरं, सगळं मोजूनमापून. आरोप अगदी पोकळ नव्हता. गाणी मोजूनमापून केलेलीच होती. फक्त मापं कंपनीने घेतली नव्हती, याच सहा जणांनी घेतली होती. उलट कंपनीतल्या काही जणांना शिनोडाचं रॅपच नको होतं, आणि चेस्टर त्याच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे ज्या जोडीवर पुढे जग फिदा झालं ती जोडी जवळजवळ मोडलीच होती.

इतका घट्ट साचा असला की एक अडचण होते. साच्यातून इंचभर बाहेर पडलं तरी लगेच दिसतं. ज्या बँडचा पहिला अल्बमच विस्कळीत असतो त्याला सगळं माफ असतं. यांना काहीच माफ नव्हतं.

२००७ मध्ये 'मिनिट्स टू मिडनाइट' आला. निर्माता रिक रुबिन, शिनोडाच्या जोडीला. अख्ख्या अल्बमात शिनोडाचं रॅप फक्त दोन गाण्यांत. गिटारचे सोलो आले, शिव्याही आल्या. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ६ लाख २३ हजार प्रती गेल्या, म्हणजे धंद्याच्या नजरेने काहीच बिघडलं नव्हतं. आमच्या खोलीत मात्र बिघडलं. माझा रूममेट म्हणाला, "रॅप नाही तर हा बँड कशाला, यू टू बँड आहे ना." तिथून पुढे प्रत्येक अल्बमच्या वेळी एक गट जुन्या दोन अल्बमांच्या फळीमागे उभा राहून दगड मारायचा. मी त्या गटात होतो.

मग २०१० चा 'अ थाउजंड सन्स'. बँडच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यांत धाडसी आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त शिव्या खाल्लेलं काम, आणि मराठी माणसाला यात शिरायला एक आयती वाट आहे. विषय अणुयुद्धाची भीती. नाव आलं ते गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकातून: दिवि सूर्यसहस्रस्य. आकाशात हजार सूर्य एकदम उगवले तर जे तेज होईल ते कदाचित त्या विश्वरूपाच्या तेजासारखं असेल. ज्ञानेश्वरीत इथे कल्पान्ताला बारा आदित्य एकत्र येण्याची उपमा आहे. अणुबॉम्बचा शास्त्रज्ञ ओपेनहायमरने अणुस्फोटाच्या संदर्भात याच अध्यायातलं 'कालोऽस्मि' आठवलं, आणि त्याचा तो थकलेला आवाज या अल्बममध्ये एका छोट्या तुकड्यात जसाच्या तसा आहे. मार्टिन ल्यूथर किंगचा आवाजही आहे. विश्वरूपदर्शनाचा अध्याय, न्यू मेक्सिकोतलं वाळवंट आणि कॅलिफोर्नियातला मेटल बँड हे एका धाग्यात यावेत याचं मला अजून नवल वाटतं. तेव्हा नव्हतं वाटलं. तेव्हा मी ब्रॅड डेलसनची गिटार शोधत बसलो होतो.

कारण गिटार मागे गेली होती. सिंथेसायझर, ढोल, गर्दीच्या आरोळ्या, मध्येच वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज. पंधरा तुकडे, पण एकसंध ऐकायचे. सलग ४७ मिनिटांचा एकच ट्रॅक म्हणूनही अल्बम विकायला ठेवला होता. जो माणूस साडेतीन मिनिटांची ठसकेबाज गाणी मागायला आला त्याच्या हातात हे दिलं तर तो चिडणारच. दुकानात बटाटेवडा मागावा आणि समोर केळीच्या पानावर पूर्ण ताट मांडावं तशी गत. ताट चांगलं होतं, पण माणूस उभ्याउभ्या खायला आला होता. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात हा अल्बम २ लाख ४१ हजारांवर थांबला, तरी पहिला क्रमांक मिळाला. आज हाच अल्बम त्यांचा सर्वोत्तम म्हणणारे मला दर महिन्याला एकतरी भेटतात. त्यातले काही तेव्हा माझ्याबरोबर दगड मारत होते, पण ते आता कबूल करत नाहीत.

२०१२ चा 'लिव्हिंग थिंग्ज' मधला रस्ता होता. त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

२०१४ चा 'द हंटिंग पार्टी' मात्र या प्रकरणातला महत्त्वाचा पुरावा आहे. शिनोडा आणि डेलसन यांनी स्वतः निर्मिती केली. वेगवान, कर्कश, ड्रमर रॉब बोर्डनला घाम फोडणारा. हेल्मेट बँडचा पेज हॅमिल्टन, सिस्टिम ऑफ अ डाउनचा डॅरन मलाकियन, रेज अगेन्स्ट द मशीनचा टॉम मोरेलो, रॅपर रकीम असे पाहुणे. मेटलवाल्यांनी 'जड द्या' म्हटलं होतं, घ्या जड. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत १ लाख १० हजारांच्या आसपास प्रती गेल्या. इतकी वर्षं ओरडणारे लोक ऐकायलाच आले नाहीत. अल्बमची विक्री त्या काळात सगळीकडेच घसरत होती हे खरं, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. मागणी जडपणाची नव्हतीच. मागणी होती ती २००१ सालची, आणि साल कुठल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत नाही.

मे २०१७ मध्ये 'वन मोअर लाइट' आला. सरळसरळ पॉप. अल्बममधून सगळ्यांत आधी बाहेर आलेल्या गाण्याचं नावच 'हेवी', आणि त्यात नावाला जडपणा नाही, यावर जगभर जेवढे विनोद झाले त्यातला एक मीही केला होता. चेस्टर या वेळी भडकला. मुलाखतींत त्याने सुनावलं की हायब्रिड थिअरीच्या पुढे सरका आता, आणि पैशासाठी हे केलं म्हणणाऱ्यांना अगदी मारामारीचं आव्हान दिलं. जूनमध्ये फ्रान्सच्या हेलफेस्ट या मेटलच्या जत्रेत ही गाणी वाजली तेव्हा गर्दीतल्या काहींनी बोटं दाखवली, आरडाओरडा केला. चेस्टर हुज्जत न घालता गात राहिला.

२० जुलै २०१७ ला तो गेला. आत्महत्या. वय ४१. त्याचा मित्र, साउंडगार्डनचा गायक ख्रिस कॉर्नेल दोन महिन्यांपूर्वी तसाच गेला होता, आणि २० जुलै हा कॉर्नेलचा वाढदिवस.

त्या रात्री मी 'वन मोअर लाइट' पहिल्यांदा नीट ऐकला. हे सांगायला लाज वाटते पण खरं आहे. शीर्षकगीत बँडच्या एका मृत मैत्रिणीसाठी लिहिलेलं. लाखो ताऱ्यांत एक तारा विझला तर कोणाला काय फरक पडतो, आणि उत्तर एवढंच की मला पडतो. 'हेवी'मध्ये तर तो स्वच्छ सांगत होता की डोक्यात साठलेलं ओझं सोडता येत नाही. आम्ही गिटारच्या वजनावर भांडत होतो. आईने जे पहिल्या फेरीत ऐकलं ते मला सतरा वर्षांनी ऐकू आलं.

त्यानंतर या अल्बमला वाईट म्हणणं चाहत्यांत जवळपास बंद झालं. मला हेही पूर्ण पटत नाही. त्यातली दोन-तीन गाणी आजही गुळगुळीत आहेत आणि मरणाने चाल सुधारत नाही. पण ते बोलायची सोय राहिली नाही. २७ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये स्मरणार्थ कार्यक्रम झाला. 'नंब' सुरू झालं तेव्हा गायकाच्या जागी कोणीच नव्हतं. फक्त मायक्रोफोनचा स्टँड आणि त्यावर उजेड. गाणं प्रेक्षकांनी म्हटलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मला वाटतं त्या चार मिनिटांत मालकी हस्तांतरित झाली. त्या रिकाम्या जागेचा सातबारा चाहत्यांच्या नावावर चढला. पुढे तिथे कोणी उभं राहायचं तर आम्हाला विचारावं लागेल, असं प्रत्येकाला वाटू लागलं.

सात वर्षं जुने साठे निघत राहिले. २०२३ मध्ये मेटिओराच्या काळातलं 'लॉस्ट' बाहेर आलं, चेस्टरच्या आवाजात, आणि ते जुन्या गाण्यांच्या तोडीचं होतं. त्याने जखम भरली की उघडली हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता पुन्हा त्या पहाटेकडे. आर्मस्ट्राँगवरचे आक्षेप एका पोत्यात भरले जातात, ते चूक आहे. एक आक्षेप दुःखाचा: ही जागा चेस्टरची आहे. त्याच्या आईने आणि एका मुलानेही जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि घरच्यांपुढे बाहेरच्याने वाद घालू नये. दुसरा आक्षेप ती बाई आहे म्हणून. तो थेट कोणी बोलत नाही, 'आवाज जुळत नाही' असं म्हणतात. तिसरा गंभीर. तिचा सायंटॉलॉजी या वादग्रस्त पंथाशी असलेला संबंध चर्चेत आला, आणि अभिनेता डॅनी मास्टरसनच्या खटल्यात सुरुवातीच्या एका सुनावणीला ती हजर होती हेही. त्याला पुढे बलात्काराच्या गुन्ह्यांत शिक्षा झाली. तिने निवेदन काढलं: त्या माणसाला ओळखण्यात आपली चूक झाली, त्यानंतर त्याच्याशी बोलणं नाही, अत्याचाराचं समर्थन नाही. सायंटॉलॉजीबद्दल त्या निवेदनात शब्द नव्हता. ज्यांना तेवढं पुरलं नाही त्यांना 'नॉस्टॅल्जियावाले' म्हणून उडवून लावणं मला मान्य नाही. चेस्टर स्वतः लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराबद्दल उघड बोलला होता. त्याच्या गाण्यांत आसरा शोधलेल्यांना हा प्रश्न पडणं अगदी साहजिक होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'फ्रॉम झीरो' आला. नावात पहिल्या बँडची आठवण आणि शून्यापासून सुरुवातही. अकरा तुकडे, ३२ मिनिटांच्या आसपास, पहिल्या अल्बमहूनही आटोपशीर. रॅपचं कडवं, कोसळणारं ध्रुवपद, डीजे जो हानचं तबकडी घासून काढलेलं स्क्रॅचिंग. 'टू फेस्ड' डोळे मिटून ऐकलं तर लॅनवरचं फोल्डर आठवतं. म्हणजे २००७ पासून जे मागितलं ते सगळं मिळालं. आणि बोर्डन परतला नव्हता, डेलसन दौऱ्यांतून बाजूला झाला होता, चेस्टर तर नव्हताच. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' लिहितात तसं: संहिता तीच, नेपथ्य तेच, नट नवे.

ॲलिस इन चेन्स या बँडने हेच केलं होतं. त्यांचा गायक लेन स्टेली २००२ मध्ये गेला, पुढे विल्यम ड्युव्हॉल आला आणि बऱ्याच लोकांनी तो स्वीकारला. पण तिथे गिटारवादक जेरी कँट्रेल कायम दुसरा सूर लावत आलेला, त्यामुळे अर्धा आवाज जागेवरच होता. शिनोडाने त्या पहिल्या गाण्यात बहुधा हेच साधलं. आधी मी येतो, तुम्ही ओळखता तो आवाज येतो, घरातला माणूस दार उघडतो आणि मग पाहुणीला आत घेतो. बाईचा गळा निवडणं मला तरी शहाणपणाचं वाटलं. पुरुष आणला असता तर रोज रात्री तुलना झाली असती, आणि चेस्टरची हुबेहूब नक्कल करणारा मिळाला असता तर ते अधिकच भयंकर झालं असतं.

माझं मत एवढंच की सतरा वर्षं आम्ही स्वतःला फसवत होतो. बाज, जडपणा, रॅप हे सगळं बोलायचे विषय होते. हवा होता तो त्या माणसाचा गळा, तोही आपण अठरा वर्षांचे असतानाचा. तो गळा 'अ थाउजंड सन्स'मध्ये होता, 'हेवी'मध्येही होता, आणि तेव्हा आम्ही गिटार शोधत होतो.

२०२६ च्या जानेवारीत लोलापालूझा या संगीत महोत्सवासाठी बँड पहिल्यांदाच भारतात येणार, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, हे कळलं तेव्हा ग्रुपवर पुन्हा जुंपली. एकाने पुण्याहून येण्याजाण्याचा बेत त्याच संध्याकाळी मांडला. ग्रुप सोडून गेलेला तो मित्र म्हणाला, आपण नाही येणार, चेस्टरशिवाय तिकीट काढणं जमणार नाही. कोणी आग्रह केला नाही. रात्री उशिरा त्याचा एकट्या मला मेसेज आला: "नंब वाजवतील का रे?" मी म्हटलं, वाजवत असावेत. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "तेवढ्यापुरता फोन लाव. बोलू नको, नुसता वर धर."